रक्त एकदाच मिळेल

"पांढऱ्या पेशी म्हणजे तुमच्या रक्तातले पोलीस!" असं मी एटापल्लीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावात, गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, बसलेल्या सबंध गावाला सांगितलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शाळेच्या पुस्तकातलं वाक्य होतं ते. राजुऱ्याला आणि चंद्रपूरला मी याच वाक्यावर टाळ्या घेतल्या होत्या. इथे टाळी पडली नाही. मागच्या बाजूला बसलेल्या बायका पोरं काखेत मारून उठल्या, त्यांच्यामागे तरुण उठले, आणि बघता बघता समोर नुसत्या चटया राहिल्या.

दोन हजारच्या दशकातला गडचिरोली जिल्हा तो. 'पोलीस' हा शब्द तिथे नुसता शब्द नव्हता. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण वाक्य तोंडात तयार होतं, आणि तयार वाक्याला डोकं लागत नाही. घाबरून मी सारवासारव करायला गेलो, "म्हणजे पोलीस आहेत, पण त्यांना आवरणारेही आहेत रक्तात..." तेव्हा जे दोघेतिघे घुटमळत होते तेही गेले.

एकटे मासूदादा बसून राहिले. ते गावाचे गायता, म्हणजे देवाचंही तेच बघायचे आणि गावाचा शब्दही तेच द्यायचे. त्यांनी शांतपणे बिडी विझवली. "भाऊ," ते म्हणाले, "गावात येतात ते पुरे हायेत. रक्तात तरी कोनाले आनू नका."

आमचा जीपचा ड्रायव्हर दिवाकर झाडाला टेकून हे सगळं बघत होता. "रशीदभाऊ," तो म्हणाला, "अजून काई सांगाचं राह्यलं का? का गाडी चालू करू?"

तर मी रशीद. धंद्याने लॅब टेक्निशियन. लोकांच्या दंडाला रबराची नळी बांधायची, शीर शोधायची, सुई टोचायची आणि "झालं झालं" म्हणायचं, हे माझं उभं आयुष्य. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावागावांत मी मलेरियासाठी रक्त घेतलं, सिकलसेलसाठी घेतलं, आणि हत्तीरोगासाठीही घेतलं. आमच्या घरात हे किस्से इतके उगाळले गेलेत, की मी सुरुवात केली की मुलं शेवट सांगून मोकळी होतात. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा बरं वाटलं. वाचकाला निदान मधेच बोलता येत नाही.

त्या वर्षी मी ज्या कामावर होतो, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. नागपूरच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं, म्हणजे आमच्या मॅडमचं, संशोधन होतं. त्यांना एक कोडं पडलं होतं. आमच्या जंगलपट्ट्यात अशी माणसं सापडतात, की ज्यांच्या रक्तात मलेरियाचे जंतू आहेत, पण ताप नाही. शहरातला माणूस तेवढ्याच जंतूंनी कुडकुडत खाटेवर पडेल. हे मात्र मजेत मोहफुलं वेचत असतात. का?

आता ताप म्हणजे सगळा जंतूचाच प्रताप नसतो. बराचसा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. जंतू दिसला की त्या पेटून उठतात, शरीरभर जाळ लावतात. जाळ लावण्याच्या कृती, पाककृतीसारख्या लिहिलेल्या, प्रत्येक पेशीच्या मधोमध, जनुकांत जपून ठेवलेल्या. मूळ कृती बाहेर निघत नाही. तिची नक्कल निघते, आणि त्या नकलेबरहुकूम पेशी पुढचा माल बनवते. या नकलेला आरएनए म्हणतात. इथवर जुनंच ज्ञान. पण नव्वदच्या दशकात एका बारीकशा किड्यात शास्त्रज्ञांना असा आरएनए सापडला, की जो अगदीच आखूड होता. जेमतेम बावीस अक्षरांचा. त्यात कसलीच कृती नाही. मग तो करतो काय? तर लांब नकलेला जाऊन चिकटतो आणि तिचं काम बंद पाडतो. पुढे कळलं, की माणसातही असे पुष्कळ आहेत, आणि पांढऱ्या पेशींनी किती पेटायचं, कधी थांबायचं, यात त्यांचा मोठा हात आहे. मॅडमना पाहायचं होतं, की ताप न येणाऱ्या या लोकांच्या पांढऱ्या पेशींत हे थांबवणारे आखूड आरएनए काही वेगळे आहेत का. त्यासाठी अशा माणसांचं रक्त हवं. आणि तशी माणसं सगळ्यात जास्त होती मासूदादांच्या गावात, जिथे मी नुकतेच पोलीस घुसवले होते.

जीपकडे परत जाताना वाटेत मोहाची झाडं लागली. हंगाम होता. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. जैनीबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई तेच करून राहिल्या होत्या. पाल्याला काडी लावलेली, हातात हिरव्या पानांची फांदी, आणि जाळ जिकडे पसरायला बघेल तिकडे त्या फांदीने सपासप झोडपत होत्या. मी आपल्याच दुःखात चाललेलो. जाळ माझ्या पॅन्टपर्यंत आला तरी पत्ता नाही.

"ओ रक्तवाले! आंधये झाले का?" बाई ओरडल्या आणि माझ्याच पायावर फांदी हाणली. मग दुसरी एक फांदी तोडून माझ्या हातात दिली. "उभे काऊन राह्यले? मारा!"

मी मारू लागलो. चुकीच्या बाजूने. जाळ विझायच्या ऐवजी ठिणग्या पलीकडच्या पाल्यावर गेल्या. तिकडे दिवाकर हसून हसून खाली बसला.

"तुमाले सुई टोचता येते तेवढीच!" बाई म्हणाल्या. "लावाले कोनी बी लावते. वेळेवर मारता आलं पाह्यजे. लवकर मारलं तं पाला राह्यते, उशिरा मारलं तं झाड जाते."

मी हातातली फांदी घेऊन तसाच उभा राहिलो. पॅन्टला भोक पडलेलं, डोळ्यांतून धुराचं पाणी. "बाई, मला हेच सांगायचं होतं हो गावाला. अगदी हेच. रक्तातही असं होतं. जंतू आला की पेशी जाळ लावतात, आणि काही बारीक बारीक फांद्या तो विझवतात."

बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग तसं सांगाचं होतं ना! पोलीस काऊन आनले?"

त्यांनीच मला परत गोटुलाकडे नेलं. गाव पुन्हा जमायला वेळ लागला. काही जण आलेच नाहीत. मी मोहाच्या जाळावरून सांगत गेलो, जैनीबाई ते माडियात, म्हणजे तिथल्या गोंडी बोलीत, सांगत गेल्या. मी सांगितलं त्याच्या तिप्पट वेळ त्या बोलायच्या आणि मधेच सगळे माझ्या पॅन्टकडे बघून हसायचे. तेवढ्यात मला कळलं, की रक्ताला त्यांच्या भाषेत 'नेत्तुर' म्हणतात.

हसणं संपल्यावर मासूदादा बोलले. "समजलं. पन एक आयका. याच्या आंदी बी लोक आले. बोट टोचून नेलं, दंडातून नेलं. कोनी परत येऊन सांगतलं नाई का आमच्या रक्तात काय भेटलं. तुमी बी नेलं होतं एकदा. आठवते का?"

मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

"आमच्यात पाव्हना येते, खाते, जाते. मंग आमी त्याच्या गावाले जातो. एकाच बाजूनं येनंजानं नसते," ते म्हणाले. "रक्त देऊ. पाऊस पडल्यावर या. पन एकदाच. दुसऱ्यांदा मांगाले येऊ नका. आन काय भेटलं ते सांगाले या."

मी हो म्हणालो. कोणी असं समजू नये की मी फार विचार करून म्हणालो. परवानगी मिळाल्याचा आनंदच इतका होता, की त्यांनी उलटं टांगून घ्यायला सांगितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

पावसाळ्यात गेलो. गोटुलात एकेक जण येऊन बसला, दंड पुढे केला. ज्यांच्या रक्तात जंतू दिसले त्यांना ताप असो वा नसो, नमुना घेतल्यावर गोळ्या दिल्या. रक्त नळ्यांत भरून हाताने फिरवायच्या यंत्रात घातलं. पोरं म्हणाली, "हे तं रसवंती हाय." पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या. हे काम तोंड बंद ठेवून करावं लागतं, हे माझ्यासारख्याचं मोठं दुर्दैव. आरएनए फार नाजूक. आपल्या घामात, थुंकीत त्याला खाऊन टाकणारा पदार्थ असतो. मॅडमचा दंडकच होता, "रशीद, नळी उघडी असताना गोष्ट सांगायची नाही." आणि बर्फ सुटता कामा नये. बर्फ गेला की पेशी मरू लागतात, आणि आतल्या नकलांचा भुगा होतो.

डबा गच्च भरून निघालो. आलापल्ली ओलांडली आणि पुढच्या नाल्याने रपटा गिळलेला. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीला बांधलेला बुटका पूल. पाऊस आला की सगळ्यात आधी दिसेनासा होणारा. पाणी उतरायची वाट बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. माझा जीव डब्यात. दर थोड्या वेळाने झाकण किलकिलं करून पाहायचो.

"उघडून पाह्यल्यानं बर्फ वाढते का भाऊ?" दिवाकरने विचारलं.

अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत सिरोंचाहून मासळी घेऊन आलेला एक टेम्पो होता. मासळी म्हणजे बर्फ! मी धावत गेलो. टेम्पोवाला तेलुगू बोलणारा, मराठी मोडकी. मी हातवारे केले, मग आठवलं म्हणून नव्याने शिकलेला शब्द वापरला. "नेत्तुर!" मी डब्याकडे बोट दाखवून म्हणालो. "नेत्तुर, नेत्तुर! बर्फ पाहिजे!" गोंडी आणि तेलुगू बहिणी-बहिणी आहेत, रक्ताला दोन्हीकडे जवळपास तोच शब्द आहे, हे मला तिथे समजलं. कारण टेम्पोवाला दोन पावलं मागे सरला. एक दाढीवाला माणूस, पॅन्टला रक्ताचे डाग, डबा दाखवून रक्त रक्त ओरडतोय. दिवाकर आला नसता तर प्रकरण कुठल्या कुठे गेलं असतं.

सगळं समजल्यावर तो माणूस काय बोलला ते मला कळलं नाही. पण त्याने आपल्या मासळीवरचा बर्फ फोडून माझा डबा भरून दिला. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरलं नाही, तेव्हा पुन्हा दिला. शेवटी त्याच्याकडचाच बर्फ संपला. त्याची मासळी वास मारू लागली, तरी तो माझ्याकडे बघून खांदे उडवत होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. आजही पुलावर एखादा टेम्पो दिसला की आतल्या माणसाकडे जरा निरखून पाहतो.

पाणी उतरलं तेव्हा डब्यात मासळीच्या वासाचं कोमट पाणी होतं.

नागपूरला मॅडमनी डबा उघडला आणि नाकाला रुमाल लावला. आरएनए धड आहे का, हे बघायची एक रीत आहे. जेलीसारख्या पातळ वडीतून तो वाहू द्यायचा. धड असेल तर दोन ठळक पट्टे उमटतात. आमच्या वडीत वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट ओघळ. पाटीवरचं ओल्या बोटाने पुसावं तसा. प्रत्येक माणसाचा तसाच.

"लांब नकला सगळ्या गेल्या," मॅडम म्हणाल्या. मग वडी बाजूला ठेवून, "रशीद, तुम्हाला पुन्हा जावं लागेल."

"पुन्हा मिळणार नाही मॅडम."

"विचारून तर बघा. पूर आला होता, त्यात तुमचा दोष नाही. ते समजून घेतील."

"समजून घेतील म्हणूनच विचारणार नाही," मी म्हणालो. मॅडमना मी एवढं आखूड वाक्य पहिल्यांदाच ऐकवलं होतं. "एकदाच म्हणाले होते ते. मी हो म्हणालो."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचं सगळं काम त्या गावावर टेकलेलं होतं, दुसरं तसं गाव आमच्याकडे नव्हतं. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी डबा धुवायला घेतला. मला राहून राहून मासूदादांचा दंड डोळ्यांसमोर येत होता. शीर सापडत नव्हती म्हणून मी त्यांना दोनदा टोचलं होतं आणि त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. ते सगळं मी नाल्याच्या काठावर वितळवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर मॅडम आधीच आलेल्या. "इकडे या," म्हणाल्या. "लांबच्या गेल्यात हे खरंच. पण आपल्याला हवेत ते आखूड. आता घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून म्हटलं तेही बघू." त्यांनी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण रेघ चढत होती. एकाची चढली, दुसऱ्याची चढली, तिसऱ्याचीही चढली. "आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे आहेत. मोजता येतील इतके नीट आहेत."

"पण हे कसे वाचले?"

"एक तर मुळात आखूड. तुटून तुटून आणखी किती तुटणार? आणि पेशीत ते उघड्यावर नसतात, एका प्रथिनाच्या मुठीत धरलेले असतात. मोडतोड करणाऱ्याला सहज हाती लागत नाहीत." मग त्या हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या. "रशीद, आता बोला तुम्ही. नळी बंद आहे."

मी कालच धुतलेला डबा पुन्हा धुवायला घेतला.

थंडीत, धान मळून झाल्यावर, मी गावात गेलो. काय सांगायचं ते मॅडमकडून घोकून घेतलं होतं, आणि वाढवून काही सांगायचं नाही अशी तंबीही होती. गोटुलासमोर सगळे बसले. मी सांगितलं, की तुमच्या रक्तातला अर्धा माल नाल्यावर गेला. बर्फ संपला. लांब होतं ते तुटलं. गावात चुळबुळ झाली. मासूदादांनी मान वर केली. ते काय विचारणार, हे मला कळलं. दुसऱ्यांदा मागायला आलाय का हा?

"मागायला नाही आलो," मी घाईने म्हणालो. "आखूड होतं ते राहिलं. आणि आम्हाला तेच पाहिजे होतं. तुमच्यातल्या काही जणांत जाळ विझवणाऱ्या त्या फांद्यांपैकी एकदोन जास्त दिसल्या. ताप न येण्याचं कारण तेच, असं आत्ताच छातीठोक नाही सांगता येत. अजून पाहावं लागेल. पण फुकट नाही गेलं. आणि ताप नसला तरी जंतू अंगात राहू द्यायचे नाहीत, गोळ्या घ्यायच्याच. एवढंच मिळालं. ते सांगायला आलो."

जैनीबाईंनी सांगितलं. या खेपेला माझ्याहून कमी वेळात.

"एवढंच?" मागून एकाने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

"एवढ्यासाठी नागपूरवरून आले?"

"हो."

मासूदादा उठले. मला वाटलं झालं, चालले. ते माझ्यासमोर येऊन खाली बसले, गुडघ्याला गुडघा लावून. "रक्त नेनारे लय आले," ते म्हणाले. "सांगाले येनारे तुमी पयले." बिडी पेटवली, एक झुरका घेतला आणि ती माझ्या हातात दिली. मी बिडी ओढत नाही. तेव्हा ओढली, खोकलो, आणि गाव पुन्हा माझ्यावर हसलं. निघताना नव्या तांदळाचं एक गाठोडं जीपमध्ये आलं. जैनीबाई म्हणाल्या, "पाव्हना रिकामा नाई जात."

मी आयुष्यात फार काही मिळवलेलं नाही. ज्या शोधात माझा हात लागला त्यात माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. पण या कामाने मला माणसांच्या घरात, ओट्यावर, त्यांच्या अंगणात नेलं. आपलं रक्त ओळखदेख नसलेल्या माणसाच्या नळीत ओतायला ती तयार झाली. एका मासळीवाल्याने आपला माल नासू देऊन माझा डबा थंड ठेवला. मॅडमनी हरल्यावरही आणखी एकदा पाहिलं. एवढं पुष्कळ झालं, असं मी जीपमध्ये बसून म्हणत होतो. दिवाकरही त्या दिवशी टोमणा मारायचा विसरला.

घरी तो तांदूळ शिजला. माझी बायको जमीला सिंदेवाहीची, तांदूळ तिला नुसत्या वासावरून कळतो. आमच्या घरात हिंदी चालते, पण एखादी गोष्ट मनाला लागली की ती माहेरच्या मराठीवर येते. मी जेवता जेवता सगळं सांगितलं. मासूदादांचं वाक्य तर दोनदा सांगितलं. "सांगायला येणारे तुम्ही पहिले, म्हणाले. पहिले!"

तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

"मंग बाकीच्या गावाईत बी तुमीच रक्त घेतलं ना इतके वर्सं?" ती म्हणाली. "ते बी वाट पाहत असन. डबा किती दिवसाचा बांधू, तेवढं सांगा."